रेडिओथेरपीची पदवी घेताय? पहिल्या दिवसाच्या या चुका टाळा

समजा कॅन्सरच्या एखाद्या रुग्णाला २५ दिवस किरण द्यायचे आहेत. बाराव्या दिवशी तो टेबलावर अर्धा सेंटिमीटर सरकून झोपला, तर ती एका दिवसाची चूक. पण अगदी सुरुवातीला, नियोजनाचं सीटी स्कॅन करताना, अंगावरची खूणच चुकीच्या जागी पडली, तर तीच चूक २५ दिवस रोज होत राहते आणि तसं होतंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या विषयात पहिलीला यादृच्छिक चूक म्हणतात, दुसरीला पद्धतशीर चूक. घातक असते ती दुसरी.

हा धडा मी यंत्रावर शिकले, पण शिक्षणालाही तो तितकाच लागू आहे असं आता वाटतं. मी चोपडा तालुक्यातल्या गावातून बारावी करून या वाटेला लागले आणि गेली दहा-बारा वर्षं लिनॅकवर, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या उपचाराच्या यंत्रावर, काम करते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं-मुली आणि त्यांचे वडील फोन करतात. त्यांच्या अडचणी ऐकल्या की बहुतेकींचं मूळ पहिल्याच आठवड्यात सापडतं.

नाव अर्धं वाचून घेतलेला प्रवेश

'रेडिओ' एवढाच शब्द वाचून फॉर्म भरलेली किती तरी मुलं मला भेटली आहेत. रेडिओग्राफी किंवा इमेजिंगची पदवी म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय. तिथे आजार शोधायला मदत करायची असते. रेडिओथेरपीची पदवी म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर किरणांचा उपचार करायचा. खोल्या वेगळ्या, यंत्रं वेगळी, पुढची नोकरीही वेगळी. दुसऱ्या वर्षी हे कळलं की पालकांची फी आणि मुलाचं मन, दोन्ही अडकतात.

दुसरा गैरसमज पदांचा. किरणोपचाराचा डॉक्टर म्हणजे एमबीबीएस करून एमडी झालेला. डोसचं गणित आणि यंत्राची तपासणी सांभाळणारा मेडिकल फिजिसिस्ट हा फिजिक्समधून पुढे शिकून आलेला असतो. रोज रुग्णाला टेबलावर घेऊन किरण देतो तो टेक्नॉलॉजिस्ट, आणि ही पदवी त्याच्यासाठी असते. गावात कुणी 'पोरगी डॉक्टर होणार' म्हणालं तर पहिल्याच दिवशी दुरुस्त करा. या कामाला स्वतःची इज्जत आहे, ती उसनी आणावी लागत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्य क्षेत्रातल्या अशा व्यावसायिकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली, आणि रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्टचं नाव त्या कायद्याच्या यादीत आहे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, यंत्र बघा. कॉलेजच्या ताब्यात लिनॅक किंवा कोबाल्ट यंत्र आहे की प्रात्यक्षिकासाठी दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवणार? ब्रेकीथेरपी, म्हणजे किरणांचा स्रोत गाठीच्या आत किंवा अगदी जवळ ठेवून केलेला उपचार, होते का? रोज किती रुग्ण होतात? विभागात फिजिसिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहेत का? अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना चालू आहे का? पदवी कोणतं विद्यापीठ देणार? इंटर्नशिप कुठे? ही विचारणा करताना अवघडू नका. ज्यांच्याकडे उत्तरं आहेत ते आनंदाने विभाग दाखवतात. यंत्र न बघता पदवी घेणं म्हणजे विहिरीत न उतरता पोहायला शिकणं.

'बायोलॉजी घेतलं, गणित सुटलं'

बारावीला गणित सोडलेल्यांना इथे पहिल्या सत्रातच धक्का बसतो. घाबरू नका, लागणारं गणित थोडंच आहे. पण ते पाठ करून चालत नाही, हातात बसावं लागतं.

अंतराच्या व्यस्त वर्गाचा नियम घ्या. अंतर दुप्पट झालं की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते, एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. आता टेबलाजवळ या. रुग्णाची त्वचा स्रोतापासून १०० सेंटिमीटरवर हवी होती, तुम्ही १०२ वर ठेवली. १०० भागिले १०२, त्याचा वर्ग करा: डोस जवळजवळ ४ टक्क्यांनी घटला. कोबाल्ट यंत्रावर ८० ऐवजी ८२ झाले तर घट ५ टक्क्यांच्या आसपास. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाची जाडी. हे उदाहरण एकदा स्वतःच्या हाताने सोडवलं की फूटपट्टीकडे बघण्याची नजर बदलते.

अर्धायुष्याचंही, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाची ताकद निम्मी व्हायला लागणाऱ्या काळाचंही, तसंच. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण १ टक्का ताकद कमी. आज ज्याला दोन मिनिटं लागतात त्याला सव्वापाच वर्षांनी चार लागतील, आणि तेवढा वेळ दुखऱ्या पाठीच्या म्हाताऱ्या माणसाला हलायचं नाही. ब्रेकीथेरपीतल्या इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य ७४ दिवसांचं, तिथे जवळपास १ टक्का रोज जातो. सूत्राला असा माणूस जोडला की ते विसरत नाही.

भाषेची अडचण खरी आहे. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. माझा उपाय साधा होता: प्रत्येक प्रकरण आधी मराठीत, शेजारच्या काकूंना सांगतेय अशा थाटात वहीत लिहायचे आणि मग इंग्रजीत उत्तर बांधायचे. जे मराठीत सांगता आलं नाही ते मला समजलेलं नाही, हे तिथेच कळायचं.

टेबलाजवळच्या चुका

सगळ्यात आधी नाव. 'तुम्ही सुमनबाई पाटील ना?' असं विचारलं की समोरची बाई 'हो' म्हणते. ऐकू कमी येतं, भीती असते, मोठ्या दवाखान्याचा दबाव असतो. ती कोणत्याही नावाला हो म्हणेल. आणि आपल्याकडे एका सकाळी यादीत तीन पाटील, दोन महाजन, नंदुरबारकडचे चार वसावे सहज असतात. म्हणून नाव तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या. 'तुमनं नाव काय शे, माय?' आणि लगेच 'गाव कोणतं?' मग फाइलवरचा फोटो, मग उपचाराची बाजू. चार गोष्टी जुळल्याशिवाय दार बंद करायचं नाही. माझ्या शिक्षणाच्या काळात एकदा एकाच आडनावाचे दोन आबा बाकावर शेजारी बसले होते आणि मी हाक मारल्यावर चुकीचे उठून आत आले. गाव विचारलं म्हणून वाचलो. दिलेला किरण परत काढून घेता येत नाही.

दुसरी चूक शिफ्टची, म्हणजे टेबल सरकवण्याची, आणि यात हुशार मुलंही फसतात. प्लॅनवर लिहिलेलं असतं, केंद्र रुग्णाच्या डावीकडे २ सेंटिमीटर. विद्यार्थी टेबल रुग्णाच्या डावीकडे सरकवतो. किरणांचं केंद्र दाखवणारा लेसर जागेवरच असतो, हलतं ते टेबल. म्हणून केंद्र डावीकडे न्यायचं तर टेबल रुग्णाच्या उजवीकडे सरकायला हवं. उलट गेलात तर चूक दोनाची नाही, चाराची होते. सवय अशी लावा: सरकवण्याआधी बोटाने रुग्णाच्या अंगावर नवी जागा दाखवायची, मग सरकवायचं, मग लेसर त्या बोटावर आला का बघायचं. आणि डावं-उजवं नेहमी रुग्णाचं. तो पालथा असेल तर दुप्पट सावध.

खुणांची गोष्ट खास आपल्या भागाची. जळगावच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा शाईच्या खुणा घामाने पुसट होतात. घरचे लोक काळजीपोटी बॉलपेनने ती रेघ पुन्हा ओढून आणतात, आणि ती अर्धा-एक सेंटिमीटर सरकलेली असते. म्हणून खूण काढतानाच सांगा, 'पुसली तरी चालेल, पण घरी काढू नका, आम्हाला सांगा.' आणि गडद, ताजी दिसणारी रेघ बघून तुम्हीही निर्धास्त होऊ नका. ती कुणी काढली हे विचारा.

तोंड-घशाच्या रुग्णांत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन उतरतं आणि थर्मोप्लास्टिकचा मास्क सैल होतो. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवलेला तो साचा पहिल्या दिवसाच्या चेहऱ्याचा असतो. आत कापूस किंवा घडी सारून काम भागवू नका. फिजिसिस्टला आणि डॉक्टरांना दाखवा. कधी नवा मास्क, नवं सीटी लागतं.

लाइट गेली तर काय? लिनॅकचा किरण वीज गेली की थांबतो, तिथे किरणोत्सर्गी पदार्थच नसतो. कोबाल्टचा स्रोत मात्र कायम जिवंत असतो. तो सुरक्षित जागी परतला का, हे दिव्यावरून आणि किरण मोजणाऱ्या मॉनिटरवरून खात्री करूनच आत जायचं. वीज आल्यावर होणारी मोठी चूक म्हणजे पहिल्यापासून सुरू करणं. किती मॉनिटर युनिट (लिनॅकने दिलेल्या किरणांचं माप) झाले होते ते लगेच लिहून ठेवा. यंत्र नोंद ठेवतं, तरी तुम्हीही ठेवा.

बिल्ला

अंगावर किती किरण पडले हे मोजणारा टीएलडी बिल्ला छातीवर लावायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, उपचाराच्या खोलीत ठेवून यायचं नाही. शिकत असताना माझा बिल्ला ॲप्रनसकट आतल्या खुंटीवर रात्रभर राहिला आणि सकाळी रुग्ण सुरू झाल्यावर लक्षात आलं. मी त्याच तासाला सेफ्टी ऑफिसरना लेखी कळवलं. लपवलं असतं तर तीन महिन्यांनी आलेला आकडा माझ्या अंगावरचा समजला गेला असता. आपल्याकडे काम करणाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला लागलेल्या किरणांचं माप), आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नीट चालणाऱ्या विभागात माणूस त्याच्या पुष्कळ खाली राहतो.

शिशाचा ॲप्रन मागणारी मुलंही दरवर्षी येतात. एक्स-रेच्या खोलीत तो उपयोगी, पण लिनॅकच्या किरणांपुढे त्याचा काही टिकाव लागत नाही. इथे तुम्हाला राखते ती जाड काँक्रीटची भिंत, दाराचं इंटरलॉक (दार उघडं असेल तर किरण सुरू होऊ न देणारी सोय) आणि 'आत कुणी नाही' हे डोळ्यांनी बघून मग दार लावण्याची शिस्त.

'शेक' आणि शेवभाजी

आपल्याकडे लोक किरणोपचाराला शेक म्हणतात. 'शेक' ऐकला की चटका आठवतो, आणि माणूस पहिल्याच दिवशी अंग आकसून झोपतो. त्या आकसलेल्या अंगावर सीटी झालं की पुढे रोज, भीती गेल्यावर, अंग सैल पडतं आणि काहीच जुळत नाही. म्हणून सीटीच्या आधी पाच मिनिटं बसून सांगा की काही जाणवत नाही, एक्स-रेसारखंच आहे, आम्ही कॅमेऱ्यातून बघतोय आणि आवाज ऐकतोय. अहिराणीत, लेवा बोलीत, जमेल त्या बोलीत सांगा. धडगाव-मोलगीकडून आलेल्या पावरी बोलणाऱ्या माणसासोबत नातेवाईक असेल तर त्याला आत बोलावून समजावून घ्या.

बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत, हे न विचारताही सांगा. नातवाला जवळ न घेणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही, आणि सहा आठवडे ते पोर आजीपासून लांब राहतं.

गर्भाशयमुखाच्या उपचारात मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात. त्यामुळे आतडी किरणांच्या वाटेतून वर ढकलली जातात. विद्यार्थी कागदावर लिहून देतो, 'पाणी पिऊन या.' पण ती बाई पहाटेच्या एसटीने दोन-तीन तास प्रवास करून येते, आणि वाटेत कुठे जायची सोय नसते म्हणून घोटभरही पाणी पीत नाही. कागदाने हे सुटत नाही. ती आली की तिला बसवा, पाणी विभागातच द्या, स्वच्छतागृह दाखवा, घड्याळ लावा आणि नंबर त्याप्रमाणे घ्या.

आहाराचंही असंच. तोंडात फोड आलेल्या माणसाला 'तिखट खाऊ नका' म्हणून भागत नाही, कारण घरी काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि ठेचा. मग तो जेवणच सोडतो. काय खायचं ते सांगा: वरणात कुस्करलेली बट्टी तुपासह, मऊ खिचडी, दूध, केळं कुस्करून. आणि तंबाखू, मिश्री, विडी आजपासून बंद, हे घरातल्या सगळ्यांसमोर.

आता सुट्ट्यांबद्दल. उपचारात खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी त्या दिवसांत वाढून घेतात. डोकं-मान आणि गर्भाशयमुख यांत हे फार महाग पडतं. गर्भाशयमुखाचा उपचार ब्रेकीथेरपीसह आठ आठवड्यांत संपवायचा असतो. रुग्ण गैरहजर राहिला की 'निष्काळजी' असा शेरा मारून मोकळं होऊ नका. कधी कापूस वेचणी असते, कधी भाड्याला पैसे नसतात, कधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा एखादा कागद अडलेला असतो आणि समाजसेवा अधिकाऱ्याची खोली कुठे आहे हेच त्याला माहीत नसतं. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचंच असतं.

म्हणून सीटीच्या दिवशी मी रुग्णासमोर कॅलेंडर उघडते. पहिला दिवस, शेवटचा दिवस, मधले सण, घरचं लग्न, वेचणी, सगळं त्यांच्या तोंडून. जी तारीख अडते ती तिथेच डॉक्टरांना दाखवते, म्हणजे आठवडा आधी-नंतर करता येतो. गेल्या आखाजीला यावल तालुक्यातल्या एका काकूंचे माहेरचे लोक दुपारी विभागाबाहेर उभे होते, उपचार झाल्यावर त्यांना घेऊन जायला. सोमवारी सकाळी त्या आपल्या नंबरावर हजर होत्या.