आधी विका, मग बनवा: डांगोटेंचा धंदा असा समजून घ्या

नायजेरियाचे अब्जाधीश उद्योगपती अलिको डांगोटे एवढे मोठे कसे झाले हे समजून घ्यायचं तर आकडे नंतर बघा, आधी त्यांनी काय विकलं ते बघा. नायजेरियातल्या कानो शहरातलं व्यापारी घराणं, पणजोबा अल्हसन दांताता शेंगदाण्याचे बडे व्यापारी, म्हणजे शून्यातून वगैरे नाही हं, हे मान्य करूनच पुढे जा. 1977 च्या सुमारास घरातूनच उधारी घेतली आणि तांदूळ, साखर, सिमेंट असा रोज लागणारा माल बाहेरून आणून विकायला लागले.

आता खरी शिकायची गोष्ट. आयात करता करता कळतं की कुठला माल हातोहात खपतो, गिऱ्हाईक कोण, ट्रक कुठे अडकतो, आणि मग तोच माल स्वतः बनवायचा. कोगी राज्यात ओबाजानाला चुनखडी, म्हणजे सिमेंटचा कच्चा माल, आहे म्हणून सिमेंटचा कारखाना तिथेच टाकला, मला ही चाल सगळ्यात भारी वाटते. पुढे लागोसजवळ लेक्कीला तेलाची रिफायनरी, दिवसाला 6,50,000 बॅरल क्षमतेची.

तुम्हीही सुरुवात करताना आधी दुसऱ्याचा माल विकून बघा, वहीत रोजचा खप लिहा, मशीन नंतर घ्या.