कूलर घूं करतो, पण पंखा फिरत नाही? मोटर जाळण्याआधी या चुका टाळा

होळी झाली की नागपुरात कूलर गच्चीवरून खाली येतात, ताट्या (बाजूचे गवताचे पडदे) बदलतात, टाकी घासून होते. मग पहिल्यांदा बटण दाबावं, तर नुसताच 'घूंऽऽ' आवाज. पंखा जागचा हलत नाही. मेकॅनिक कान देऊन ऐकतो आणि सांगतो, "मोटर गेली जी, वाइंडिंग करावी लागन."

वाइंडिंगला, म्हणजे मोटरमधली तार नव्यानं गुंडाळायला, एवढ्यावर हो म्हणू नका. आवाज येतोय म्हणजे करंट जातोय, निदान एक कॉइल (तारेचं वेटोळं) तरी तुटलेली नाही. खरंच तुटलेली मोटर गप्प बसते.

तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे ओर्स्टेडला १८२० मध्ये कंपासच्या सुईवर दिसलं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॉइलमधलं क्षेत्र सारखं चढतं, उतरतं आणि उलटं होतं. सेकंदाला १०० वेळा लोखंडाच्या पत्र्या खेचल्या जातात, तीच ती घूं. पण एकाच कॉइलचं क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होतं, गोल फिरत नाही. रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, दोन्ही दिशांना सारखीच ओढ बसते आणि तो उभाच राहतो. म्हणून शेजारी दुसरी कॉइल असते, आणि तिच्या वाटेत कंडेन्सर (कपॅसिटर), म्हणजे चार्ज साठवणारी छोटी डबी. कंडेन्सरमुळे तिचा करंट पहिलीच्या थोडा पुढे धावतो, दोन्ही क्षेत्रं एकामागून एक चढतात आणि मिळून गोल फिरू लागतात. रोटर त्यांच्या मागे ओढला जातो. या रोटरमध्ये लोहचुंबक नसतोच. ॲल्युमिनियमच्या सळ्यांच्या पिंजऱ्यात प्रेरित झालेला करंट त्याला तात्पुरतं चुंबक बनवतो.

आता आपली लाडकी चूक. "काठीनं ढकल ना भाऊ, चालू होते!" आणि होतेही! कंडेन्सर मेला असेल तर ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला पंखा पळतो. उलटा ढकलला तर खोलीतलीच हवा ताट्यांतून बाहेर जाईल. म्हणजे काठीनं चालू झाला हा रोगाचा पुरावा आहे, इलाज नव्हे. आणि त्या पात्यांत बोटं जातात, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी चूक याहून महाग पडते. 'होईल सुरू' म्हणून घूं करणारा कूलर तसाच ठेवून लोक आंघोळीला जातात. अडकलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि पंखा बंद असल्याने तिला वारा मिळत नाही. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना तारेवरचं वार्निश तग धरणार किती? दुरुस्ती शंभर-दोनशेत झाली असती, ती वाइंडिंगवर जाते.

तपासणी सोपी आहे. प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना जुना तारेचा बल्ब लावलेल्या होल्डरच्या वायरी टेकवा, उरलेला चार्ज निघून जातो. मग शाफ्ट (पंख्याचा दांडा) हातानं फिरवा. मोकळा फिरला, तर पहिला संशय कंडेन्सरवर. जड गेला किंवा करकरला, तर दोष शाफ्टला धरणाऱ्या बुशचा किंवा बेअरिंगचा. तिथे कंडेन्सर बदलून काही होणार नाही. बुशला दोन थेंब मशीन ऑइल द्या. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन बसतं.

कंडेन्सर घेताना जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा) आकडा सीताबर्डी बाजारातल्या दुकानदाराला दाखवा. "मोठा टाका, हवा जास्त फेकंन" हे ऐकू नका. वेग ठरतो पोलच्या (कॉइलनी बनणाऱ्या चुंबकीय ध्रुवांच्या) संख्येवर आणि ५० हर्ट्झवर: चार पोलची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच. मोठ्या कंडेन्सरनं फक्त दुसरी कॉइल तापते. हा कंडेन्सर एसीचा आहे, त्याच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. पंखा उलटा फिरायला लागला, तर चूक कॉइलच्या जोडणीत आहे.

संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर लागले की व्होल्टेज पडतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो: २३० चे १८० झाले तर जोर जेमतेम ६१ टक्के उरतो. दुपारी चांगला आणि रात्री अडणारा कूलर असेल, तर आधी मीटर लावून बघा.

पंपाचं प्रकरण वेगळं. काही छोट्या पंपांत रोटर म्हणजे खरोखरचा फेराइट चुंबक असतो. क्षारानं तो जाम होतो आणि लोक पेचकसानं ठोकतात. फेराइट चिनीमातीसारखा तडकतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवला की पांढरा थर सुटतो. टाकीत पाणी नसताना पंप चालवू नका, पाणीच त्याला गार ठेवतं. आणि लोखंडी कूलर असेल, तर प्लग काढल्याशिवाय आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय टाकीत हात घालू नका, मग मोटर कितीही ठणठणीत चालू द्या.