बेस गिटारचा ॲम्प: घ्यायचा कसा आणि कोल्हापूरच्या पावसात सांभाळायचा कसा

दुकानात शिरल्या शिरल्या "किती वॅटचा आहे?" असं विचारू नका. आधी ठरवा, वाजवणार कुठं. शाहू स्मारक भवनासारख्या सभागृहात साउंडवाला असतो. तो ॲम्पच्या मागच्या डीआय आउटमधून (मिक्सरला सिग्नल देणाऱ्या सॉकेटमधून) सिग्नल घेतो आणि हॉल त्याचे स्पीकर भरतात. तुमचा ॲम्प तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू आला की झालं. त्याला 12 इंची स्पीकरचा, 100 ते 200 वॅटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) पुरतो. पण गणपतीत गल्लीतल्या मंडळापुढं साउंड म्हणजे दोन बॉक्स आणि एक मिक्सर. तिथं बेस तुमच्याच कॅबिनेटनं, म्हणजे स्पीकरच्या पेटीनं, पोचवायचा असतो. असे कार्यक्रम जास्त असतील तर 300 वॅट किंवा वरचं वेगळं हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि वेगळा कॅब, म्हणजे कॅबिनेट, घ्या.

वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो 3 डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकाच. तेवढाच फरक नुसता चांगला कॅब पाडतो. म्हणून पैसे आधी कॅबवर घाला, हेडवर नंतर. चार तारांच्या बेसची खालची, म्हणजे सगळ्यात जाड, ई तार 41 हर्ट्झवर वाजते, पाच तारांची बी 31 वर. लहान, हलक्या पेटीला हे सूर झेपत नाहीत. दुकानात खालची मोकळी तार जोरात वाजवा. पेटी घुमतेय की नुसती फडफडतेय, लगेच कळतं.

आता ओहम, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध. इथंच सगळे फसतात. पहिला कॅब 8 ओहमचा घ्या. पुढं तसाच दुसरा जोडला की दोन्ही मिळून 4 ओहम होतात आणि बहुतेक हेडना तेवढं चालतं. सुरुवातीलाच 4 चा घेतला आणि नंतर दुसरा 4 चा जोडला, तर होतात 2. मग हेड तापून बंद पडतं, नाहीतर जळतं. किमान किती ओहम चालतात ते हेडच्या मागं छापलेलं असतं.

जुना कॅब घेताना मल्टिमीटर न्या. 8 ओहमचा कॅब मीटरवर 6 च्या आसपास दाखवतो, 4 चा 3 च्या आसपास. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय, नाहीतर आतली वायर सुटलीय. दोन्ही हातांची बोटं कोनवर (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर) सारखी टेकवून हलकेच दाबा. खरखर लागली की उठा आणि घरी या. परदेशातून आलेलं हेड असेल तर मागं 230 व्होल्ट लिहिलंय का ते बघा. 120 चं हेड आपल्या सॉकेटला लावलं की धूरच.

हेड ते कॅब फक्त स्पीकर केबल वापरायची. एका लग्नात माझी केबल घरी राहिली म्हणून मी गिटारची जोडली. दिसायला सारखीच, पण आतली तार बारीक. तिसऱ्या गाण्याला हात लावला तर केबल गरम! त्या दिवसापासून स्पीकर केबलला लाल चिकटपट्टी आहे. व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) हेड असेल तर कॅब जोडल्याशिवाय बटण दाबायचंच नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जातो.

स्टेज फळ्यांचं, आतून पोकळ असेल तर सगळा बेस गुबगुब होतो. खाली जाड फोम टाका किंवा कॅब दणकट बाकावर चढवा, म्हणजे आवाज गुडघ्यांऐवजी कानाला लागेल. जनरेटरवर असाल तर आधी मीटरनं व्होल्टेज बघा, 250 च्या वर दिसलं की थांबा. आणि गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढत असेल तर त्याचा हात धरा. शॉक तुम्हाला बसणार आहे.

पावसाळ्याचे चार महिने ॲम्प भिंतीला चिकटून, फरशीवर ठेवू नका. खाली फळी आणि वरून कापडी कव्हर. प्लॅस्टिक गुंडाळलं की आतल्या आत घाम धरतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, ऊब लागली की दमटपणा जातो. टेम्पोतून भिजून आला तर पुसून, वाळवून मगच चालू करायचा. बटणं फिरवताना चरचरली तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण वीसेक वेळा पुढं-मागं फिरवा. पंख्याच्या जाळीवरची धूळ ब्रशनं काढा.

कॅब खडखडायला लागला की स्पीकर फाटला असं धरून चालू नका. खालच्या तारेवर एकेक पडदा (फ्रेट) वर चढत वाजवा, दुसऱ्याला हँडल, जाळी, कोपरे दाबायला सांगा. जिथं दाबल्यावर आवाज थांबतो तिथला स्क्रू आवळा. कुठंच थांबला नाही तर हवेच्या भोकातून टॉर्च मारा. माझ्या कॅबमधून निघालं होतं एक रुपयाचं नाणं आणि कुणाच्या तरी अक्षता.