सेव्ह कधीही करू द्यावं का? गेम बनवताना आधी दोन सेव्ह वेगळे करा

या वादात दोन मागण्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक, ‘आत्ता उठावं लागतंय, नंतर इथूनच पुढे खेळेन.’ दुसरी, ‘चुकलं, मागे जाऊन पुन्हा करतो.’ पहिली प्रत्येक गेमने पुरवलीच पाहिजे. खेळणाऱ्याचा वेळ अडवून ठेवायचा हक्क कुठल्याच गेमला नाही. दुसरी मात्र गेमच्या प्रकृतीप्रमाणे ठरवा. ‘डूम’मध्ये (१९९३) मोहिमेत कुठेही सेव्ह होतं आणि मजा कमी होत नाही. ‘रेसिडेंट इव्हिल’मध्ये (१९९६) टाइपरायटर गाठावा लागतो, शाईच्या रिबनीही मोजक्याच, आणि तिथली बरीचशी भीती या टंचाईतूनच येते.

पहिल्या मागणीसाठी मेनूत ‘सेव्ह करून बाहेर पडा’ ठेवा. ही फाइल एकदाच वापरायची असली, तरी लोड होताच पुसू नका. त्याच क्षणी गेम क्रॅश झाला तर सगळंच जातं. पुढचा ऑटोसेव्ह नीट लिहून झाला की मगच ती काढा. यातून कुणी थोडी लबाडी करेल, करू द्या.

प्रत्येक शत्रू आणि उडती गोळी साठवणं जड जात असेल, तर ‘हेडीज’सारखं (२०२०) चालू दालनाच्या सुरुवातीला परत आणा. आरोग्य, सामान, उघडलेली दारं, मोहिमांची स्थिती आणि रँडम सीड (ज्या आकड्यावरून गेममधले योगायोग ठरतात तो) एवढं मात्र साठवाच. सीड सुटला तर नेम लागेपर्यंत लोक लोड करत बसतात.

सर्वात जास्त नुकसान होतं ते जुन्या फाइलवरच थेट लिहिल्याने. मध्येच वीज गेली की अर्धवट फाइल उरते. म्हणून:

१. नवा डेटा तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा. सुरुवातीला आवृत्ती क्रमांक आणि चेकसम (डेटावरून काढलेला, फाइल बिघडली का ते दाखवणारा आकडा).
२. तो खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबा.
३. जुन्या फाइलचं नाव बदलून तिला बॅकअप करा.
४. तात्पुरत्या फाइलला मूळ नाव द्या.

लोड करताना मुख्य फाइल नसेल किंवा चेकसम जुळला नाही, तर बॅकअप उघडा आणि तसं खेळणाऱ्याला सांगा.

ऑटोसेव्ह हवेत उडी असताना झाला, तर दर लोडला मरणच वाट्याला येतं. पाय जमिनीवर, शत्रू बेसावध, आरोग्य निदान पावभर, अशी स्थिती दोन सेकंद टिकली तरच सेव्ह करा. तीन स्लॉट आलटून पालटून वापरा.

दुसऱ्या मागणीसाठी एक मोजमाप पुरतं: मेल्यावर किती मिनिटांचा खेळ पुन्हा करावा लागतो? त्यातला बराच वेळ नुसत्या चालण्यात जात असेल, तर चेकपॉइंट (मेल्यावर खेळ जिथून पुन्हा सुरू होतो ती जागा) जवळ आणा. बॉसआधी, म्हणजे मोठ्या शत्रूआधी, कटसीन (नुसता बघायचा कथेचा प्रसंग) असेल, तर चेकपॉइंट कटसीन संपल्यावर. तोच संवाद दहादा ऐकायला लावणं हा निव्वळ छळ आहे. चाचणीत लोक प्रत्येक दारापाशी सेव्ह दाबत असतील, तर बटण काढू नका. दारामागे इशारा न देता मारणारं काय आहे ते शोधा आणि दुरुस्त करा. कडक नियम आवडणाऱ्यांसाठी एकाच सेव्हचा वेगळा मोड द्या, जसा ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये (२०१२) आयर्नमॅन आहे.

प्रकाशनाआधी सेव्ह चालू असतानाच टास्क मॅनेजरमधून गेम पुन्हा पुन्हा बंद पाडून पाहा. डिस्क पूर्ण भरून पाहा. मागच्या आवृत्तीची फाइलही उघडून पाहा.