दूध-तुपाविना स्वयंपाक: मराठवाड्यातल्या घरासाठी वीगन आहाराची सुरुवात

मराठवाड्यात वीगन व्हायचे, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही खायचे-वापरायचे नाही, असे म्हटले की खरा अडसर मांसाचा नसून दुधाचा असतो, कारण मांस-अंडी वर्ज्य असलेली घरेसुद्धा दुधात हिंसा आहे असे मानत नाहीत. म्हणून ताट बदलण्याआधी गोठ्यातला व्यवहार समजून घ्यावा. म्हैस व्यायल्याखेरीज दूध देत नाही, आणि दहा महिने पोटात वाढून जन्मलेले रेडकू नर निघाले तर दुधाच्या धंद्यात त्याला किंमत नसते. पान्हा सुटेपर्यंत त्याला कासेला लावायचे आणि तोंड ओढून बाजूला बांधायचे, हे खेड्यात वाढलेल्यांनी पाहिलेले असते. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, म्हशी-रेड्यांना मात्र ती लागू नाही, त्यामुळे भाकड म्हैस बहुधा कसायाकडेच जाते. यात शेतकऱ्याला खलनायक ठरवू नये. पावसाने दगा दिल्यावर घरात रोख पैसा दुधातूनच येतो. पण ते दूध विकत घेणारे आपण या व्यवहारात भागीदार आहोत, हे मला नाकारता येत नाही. अंड्यांचेही तसेच आहे: अंडी न देणारी नर पिल्ले हॅचरीतच मारली जातात.

स्वयंपाकघरात बदल करणे त्यामानाने सोपे आहे. ज्वारीची भाकरी, पिठले, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि कारळाची चटणी यांत दूध नसतेच. चहासाठी सोयाबीन रात्रभर भिजवून, साले काढून, वाटून, गाळून घ्यावे आणि ते दूध ढवळत वीस मिनिटे तरी उकळावे, कारण कच्चे सोयाबीन पचत नाही. दह्यासाठी भिजवलेले शेंगदाणे वाटून गाळावेत, दूध उकळून कोमट करावे आणि पहिल्या विरजणाला हिरव्या मिरचीची धुतलेली देठे घालावीत. पुढच्या वेळी त्याच दह्याचा चमचाभर पुरतो. पुरणपोळीबरोबर दूध न घातलेली गुळवणी घ्यावी.

एका बाबतीत हयगय नको. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी नियमित घ्यावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांचा आहार तर तज्ज्ञाला विचारूनच ठरवावा. कॅल्शियमसाठी तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात आणावा.

बिस्किटांत दुधाची भुकटी असते, तेव्हा वेष्टनावरचे घटक वाचावेत. २०२२ च्या नियमांनुसार वीगन पदार्थांसाठी वेगळे हिरवे बोधचिन्ह ठरलेले आहे.

पैठणीचा प्रश्न आपल्याकडे निघणारच, कारण रेशमाचा धागा सलग मिळावा म्हणून कोशातला जीव उष्णतेने मारला जातो. आजीची पैठणी टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. नवी घेताना मात्र सुती साडीचा विचार करावा, आणि लग्नघरी आहेर ठरण्याआधीच हे सांगून ठेवावे.