मंडपात अकूस्टिक गिटारचा आवाज कसा लावावा

इंदूरच्या लोकमान्यनगरात किंवा रामबागेत गणेशोत्सवात भावगीतांच्या साथीला अकूस्टिक गिटार असली, की साउंड सांभाळणाऱ्याची कसोटी लागते. गिटार पोकळ असते. स्पीकरचा आवाज अंगावर आला की ती आपोआप थरथरते, पिकअप (गिटारची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) ती थरथर परत मिक्सरला देतो आणि मंडपभर घूंऽऽ सुरू होतं. ही साखळी तोडणं आधी शिका, आवाज वाढवणं नंतर.

सुरुवात जागेपासून. मुख्य स्पीकर वादकांच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मॉनिटर (वादकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) वादकाच्या कानाकडे वळवा, गिटारच्या पोटाकडे नाही.

पिकअप असेल तर तोच घ्या. शेजारी तबला वाजत असताना माइक सगळंच उचलतो. पिकअपची वायर डीआय बॉक्समध्ये (गिटारचा सिग्नल मिक्सरच्या माइक-इनपुटला जुळवून देणारी डबी) आणि तिथून माइकच्या केबलने मिक्सरला न्या. प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) नसलेला पिएझो (थेट थरथर पकडणारा) पिकअप थेट मिक्सरला जोडला तर आवाज पातळ, चिरका येतो. माइकच लावायचा असेल तर बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची पट्टी), वीतभर अंतरावर. भोकासमोर नको, तिथे नुसता खर्ज घुमतो.

फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली, गिटारचा चॅनल म्यूट, मगच जॅक लावा. आता वादकाला कार्यक्रमात वाजवणार तितक्याच जोरात वाजवू द्या (चाचणीत बहुतेक जण हळू वाजवतात) आणि लाल दिवा लागणार नाही इतपत गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) ठेवा.

लो-कट (अगदी खालचा खर्ज कापणारं बटण) दाबा. गिटारची सर्वांत जाड तार साधारण 82 हर्ट्झची, त्यामुळे 80च्या खालचं गेलं तरी काही बिघडत नाही. मग म्यूट काढून फेडर हळूहळू वर न्या. घूं बहुधा 100 ते 250 हर्ट्झच्या मध्ये सापडते. मिडचा नॉब फिरवून नेमकी जागा शोधा आणि तेवढीच कापा. सगळा बेस काढलात तर गिटारचा जीवच जातो. गिटारवर फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण असेल तर दोन्हीकडे करून पाहा. भोकाला रबरी झाकण लावलं तर खूपच फरक पडतो.

विजेची गुणगुण येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. भाद्रपदातल्या ओल्या मंडपात ते जिवावर बेतू शकतं.

शेवटी मागच्या रांगेत उभं राहून ऐका: शब्द स्पष्ट, गिटार त्यांच्या खाली. लोक बसले की वरचे स्वर थोडे शोषले जातात, म्हणून पहिल्या गाण्यात ट्रेबल पुन्हा तपासा.