जाड टायर, डुलणारी गाडी: या चुका टाळा

सोलापुरात मागं जाड टायर बसवायची हौस जुनीच. मलाही होती. १५० सीसीची गाडी, मागं कंपनीचा १००/९०-१७. तो गोटा झाला तसं दुकानातलं पोरगं म्हणालं, "काका, १२०/८० टाकू की. गाडी भारी दिसंल." टाकला. दिसलीही भारी. पुढच्या रविवारी बायकोला मागं बसवून तुळजापूरला निघालो. सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. घाट लागला आणि वळणात गाडी कलवली की मागचं चाक क्षणभर डुलायचं, मग सावरायचं. नेहमीपेक्षा जास्त कलवावी लागत होती ते वेगळंच. त्यात खड्ड्यात आदळलं की टायर चेन कव्हरला खर्रकन घासल्याचा आवाज. "काय वाजतंय ओ?" असं ती तीनदा विचारून बसली. मी म्हणालो, चेन.

चूक वाचण्यात होती. टायरवरच्या तीन आकड्यांपैकी पहिला आपण कौतुकानं वाचतो, शेवटचा जुळवून घेतो आणि मधल्याकडं बघतच नाही. १००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, भिंतीची, म्हणजे टायरच्या बाजूची, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १७ इंची. मधला आकडा मिलिमीटर नाही, टक्के आहे. १२०/८० मधला ८० बघून वाटतं, टायर बुटका झाला. हिशेब केला तर १२० चे ८० टक्के ९६ होतात, म्हणजे मूळच्या ९० पेक्षा सहा मिलिमीटर उंच. आणि मागून ज्याचा सगळ्यात जास्त रुबाब दिसतो तो १४०/६०-१७? त्याची भिंत ८४. तिघांत तोच बुटका.

या उंचीवर गाडीचा स्वभाव ठरतो. मागचं चाक उंच झालं की गाडी पुढं ओणवी होते, पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, जरा उभा राहतो. हँडल हलकं लागतं, पण वेगात चळवळ करायला लागतं. पुढचं चाक उंच केलं की उलटं होतं, सरळ छान पळते आणि वळायला आढेवेढे घेते. तरी माझ्या गाडीचा दोष सगळा त्या सहा मिलिमीटरच्या माथी मारता येणार नाही. एवढ्यानं फोर्कचा कल पाव अंशाच्या आसपास बदलतो.

खरं दुखणं रिमचं. रिमवर तिची रुंदी कोरलेली असते, चिखल पुसून बघा. माझ्या रिमवर १७ × २.१५ होतं. १२०/८० चा टायर साधारण पावणेतीन इंची रिम धरून बनवतात. अरुंद रिमवर त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, माथा नको तितका टोकदार होतो आणि भिंती फुगून बाहेर येतात. सरळ जाताना रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंदच राहतो. म्हणजे पकडीसाठी पैसे मोजले आणि पकडच बारीक करून घेतली. वळणात त्या फुगलेल्या भिंती लवतात, तेच ते डुलणं. जास्त कलवावं का लागतं, तर जाड टायर आडवा झाला की रस्त्याला टेकायची जागा मधल्या रेषेपासून लांब सरकते. तेवढ्याच वेगानं तेच वळण घ्यायला गाडी जास्त झुकवावी लागते. हे रिम जुळली तरी होतंच, जाडीची किंमत आहे ती.

स्प्लेंडरवाल्यांचं वेगळंच. तिला दोन्हीकडं ८०/१००-१८ येतो. मार्केट यार्डात पोती वाहायची म्हणून मागं १००/९०-१८ चढवतात. भिंत ८० ची ९० झाली, चाकाचा घेर तीन टक्क्यांहून जास्त वाढला. म्हणजे न मागता गिअर लांब झाले, ओढ कमी झाली. समोरून वारा असला की चौथ्यात ओढत नाही, आणि मालक कार्बोरेटर उघडून बसतो. मीटरची केबल पुढच्या चाकाला असेल तर मीटरला या बदलाचा पत्ताही नसतो. वजनच वाहायचं असेल तर आकारापुढचा छोटा आकडा वाचा: ५४पी म्हणजे एका टायरवर २१२ किलो, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. त्याच मापात जास्त भाराचा टायर मिळतो का विचारा.

सगळे बदल वाईट नसतात. पुढं ८०/१००-१७ असेल आणि ९०/९०-१७ टाकला तर उंची ८० ची ८१ होते, म्हणजे जवळपास तीच. रिम चालत असेल आणि मडगार्डला बोटभर जागा उरत असेल तर खुशाल टाका.

आता माप बरोबर असूनही गाडी वळत नाही अशी तक्रार करणारे. आपल्याकडं विजापूर घ्या, अक्कलकोट घ्या, रस्ता सरळसोट. टायर मधोमध झिजतो, कडा नव्यासारख्या राहतात, आणि गोल टायर चौकोनी होतो. मग गाडी आधी कलायला नको म्हणते आणि झिजल्या पट्ट्याची कड ओलांडली की एकदम पडल्यासारखी झुकते. नक्षी शिल्लक आहे म्हणून लोक टायरवर संशय घेत नाहीत, मिस्त्रीकडून कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलून घेतात. घरी तपासा. मुलांच्या दप्तरातली पट्टी टायरवर आडवी ठेवा. ती एकाच जागी टेकून दोन्हीकडं डुलली तर गोलाई शाबूत, दोन बोटं रुंद सपाटीवर बसली तर टायर गेला. मग सेंटर स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेटचाही दोष आहे.

हवेची चूक उन्हाळ्यात हमखास. पारा ४२ वर गेला की "टायर फुटंल" म्हणून हवा कमी करतात. कमी हवेत भिंत जास्त लवते, लवली की तापते, म्हणजे ज्याची भीती तेच ओढवून घ्यायचं. शिवाय पुढं पाच-सहा पीएसआय कमी असले तरी हँडल जड होतं. हवेचा आकडा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरतो तो) किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असतो, मागं माणूस बसणार असेल तर वेगळा. हवा सकाळी भरा, टायर गार असताना.

मी शेवटी १००/९० वर परत आलो. बसवताना मात्र तिथंच उभा राहिलो. आधी बाण बघितला, चाक पुढं फिरतं त्या दिशेला आहे ना. मग रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते ती. सगळीकडं ती रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. व्हॉल्व्हच्या बाजूला ती गायब होती, म्हणजे टायर तिथं बसलाच नव्हता. असाच निघालो असतो तर चाक उड्या मारत गेलं असतं. पोरानं तोंड वाकडं केलं, हवा काढली, साबणाचं पाणी लावून पुन्हा भरली. दोनदा टप्पकन आवाज झाला आणि रेघ वर आली.